बरणी बोलता कामा नये

माणसाची पारख त्याच्या सोबतीवरून होते असे म्हणतात. पण ज्यांचे आयुष्य बदलीच्या नोकरीत गेले त्यांची पारख सामानावरून करणे अधिक सोयीचे. नवखा अधिकारी पहिल्या बदलीला सारे घर बांधून नेतो; दुसऱ्या बदलीला निम्मे नेतो; आणि पाचव्या-सहाव्या बदलीपर्यंत तो इतका विरक्त होतो, की मुलांचे शाळेचे दाखले आणि भविष्यनिर्वाह निधीची कागदपत्रे सोडली तर त्याला काहीच अत्यावश्यक वाटत नाही. कपाट विकता येते, पलंग शेजाऱ्याला देता येतो, पुस्तके मागाहून मागवता येतात. मात्र या विरक्तीलाही एक अपवाद असतो. तो अपवाद काचेचा किंवा चिनी मातीचा असतो, आणि त्याच्या पोटात काहीतरी पातळ असते.

गावाकडून निघताना ती लोणच्याची बरणी असते, काकवीची बाटली असते, नाहीतर कोकमाचे आगळ असते. गावाकडे जाताना तिची जागा नोकरीच्या मुलखातली एखादी चीज घेते : खासी टेकड्यांतला मध, बंगालमधला खजुराचा पातळ गूळ, कुलूकडचा सफरचंदाचा रस. बाजारात पैसे टाकले की यातले बहुतेक सारे हल्ली कुठेही मिळते, हे नेणाऱ्याला ठाऊक असते आणि घेणाऱ्यालाही. तरीदेखील कपड्यांची आठ वेळा उलथापालथ करून माणूस त्या बाटलीला जागा करतो. वजनाच्या काट्यावर चार किलो जास्त भरले तर तो दोन सदरे बाहेर काढतो. बाटली काढीत नाही. बदलीचे भत्ते ठरवणाऱ्या नियमांत किती क्विंटल सामानाला किती भाडे याची तरतूद असते. या बाटलीची तरतूद कोणत्याही नियमात नाही, आणि तीच सर्वांत जोखमीची वस्तू असते.

मी १९८४ साली पहिल्या नेमणुकीवर शिलाँगला निघालो तेव्हा वाईच्या आमच्या घरात माझ्या आईने ही जोखीम अंगावर घेतली होती. कैरीच्या लोणच्याची बरणी तिने गळ्यापाशी चार बोटे रिकामी ठेवून भरली. वर तेलाचा थर, त्यावर मेणकापड, त्यावर जुन्या धोतराच्या दुहेरी फडक्याचा दादरा, आणि त्याच्याभोवती सुतळीचे इतके घट्ट वेढे, की शिलाँगला ते मला सुरीने कापावे लागले. मग ती बरणी गोधडीत गुंडाळली गेली आणि गोधडी होल्डॉलच्या अगदी मध्यभागी गेली. बांधता बांधता आईने तीन सूत्रे सांगितली. पहिले, दोन बरण्यांची एकमेकींशी गाठ पडू द्यायची नाही. मध्ये नेहमी काहीतरी मऊ हवे. दुसरे, सांडायचेच झाले तर जिचे तिच्यापुरते सांडावे. एकीच्या पापाने दुसरी बुडता कामा नये. तिसरे सूत्र तिने होल्डॉलचे पट्टे आवळून झाल्यावर सांगितले. होल्डॉल दोन्ही हातांनी उचलून तिने गदागदा हलवला, कान लावून ऐकले आणि म्हणाली, "बरणी बोलता कामा नये."

वाठार स्टेशनपासून तीन गाड्या आणि एक बस बदलून ती बरणी शिलाँगला पोहोचली. वाटेत ती एक शब्दही बोलली नाही.

पुढे रेल्वेचे प्रवास कमी झाले आणि विमानाचे वाढले. विमानाने माणसाचा वेळ वाचवला खरा, पण बरणीची आणि माणसाची ताटातूट केली. गाडीत होल्डॉल पायापाशी असे. रात्री जाग आली की अंधारात हात लावून पाहता येई. २००६ सालच्या ऑगस्टमध्ये लंडनहून निघणारी विमाने पातळ स्फोटकांनी उडवण्याचा कट उघडकीस आला, आणि तेव्हापासून आंतरराष्ट्रीय प्रवासात बहुतेक ठिकाणी हातातल्या पिशवीत १०० मिलिलिटरहून मोठी द्रवाची बाटली नेण्यावर बंदी आली. सुरक्षा-तपासणीनंतरच्या दुकानांत घेऊन मोहोरबंद पिशवीत दिलेल्या बाटल्या तेवढ्या वेगळ्या. म्हणजे आपली बाटली विमानाच्या पोटात जायची. खिडकीपाशी सुटकेस सरकत्या पट्ट्यावर ठेवली, की रबरी झडपांच्या पलीकडे तिचे काय होते ते आपल्याला दिसत नाही. दिसत नाही म्हणून आपण कल्पना करू लागतो, आणि कल्पना नेहमी आकाशाची करतो.

आकाशाविषयीची ही भीती बव्हंशी निराधार आहे, हे मला आवर्जून सांगावेसे वाटते. कारण तिच्यापायी माणसे भलतीकडेच काळजी घेतात. बिअरसारखे फसफसते पेय वर गेले की बाटली फुटते, असा एक दृढ समज आहे. वस्तुस्थिती अशी, की प्रवासी जेट विमानात सामानाच्या कोठारातली हवाही प्रवाशांच्या कक्षाइतक्याच दाबाखाली ठेवलेली असते. तो दाब जमिनीवरच्यापेक्षा कमी असतो. समुद्रसपाटीपासून साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीवर जेवढा असावा तेवढा. आता सिमल्याची उंची सुमारे २,२०० मीटर आहे. बिअरच्या बाटल्या सिमल्याला रोज ट्रकमधून जातात आणि तिथल्या दुकानांत निमूटपणे उभ्या असतात. उन्हाळी मुक्कामाला गेलेल्या कोणत्याही अधिकाऱ्याने त्या तिथे आपोआप फुटताना पाहिलेल्या नाहीत. बिअरमध्ये विरघळलेल्या वायूचा बाटलीच्या आतला दाब मुळातच हवेच्या दाबाच्या दुप्पट-तिप्पट, कधी त्याहूनही अधिक असतो, आणि काच तो सोसण्यासाठीच घडवलेली असते. बाहेरची हवा पाव हिश्शाने विरळ झाली तर त्या काचेला त्याचे काही वाटत नाही. थंडीचेही तसेच. ११-१२ किलोमीटर उंचीवर बाहेर उणे ५० अंशांच्या आसपास थंडी असते. पण कोठारातले तापमान सहसा गोठणबिंदूच्या वर राहते, आणि बिअर अंगच्या मद्यार्कामुळे पाण्याहूनही दोन-तीन अंश खाली गोठते.

उंचीचा खरा त्रास होतो तो आपल्या लोणच्याला. फिरकीच्या झाकणाची बरणी बिअरच्या पत्र्याच्या बुचासारखी घट्ट नसते. बाहेरचा दाब उतरला की बरणीतली कोंडलेली हवा पसरते आणि झाकणाच्या आट्यांतून तेलाला घेऊन बाहेर पडते. आईने बरणीवर झाकणाऐवजी मेणकापड आणि दादरा का बांधला, हे मला फार उशिरा कळले. कापड फुगते आणि पुन्हा बसते. पत्र्याला ते जमत नाही.

बाटली मरते ती जमिनीवर. सरकत्या पट्ट्याच्या वळणावर मागची सुटकेस पुढचीवर आदळते. गाडीतून विमानात आणि विमानातून गाडीत सामान चढवता-उतरवताना ते कंबरेच्या उंचीवरून खाली येते. पट्ट्याच्या तोंडाशी असलेल्या घसरगुंडीवरून ते कोपऱ्यावर पडते. अशा पडण्यात काच बहुधा जमिनीवर फुटत नाही, कारण जमीन आणि काच यांच्यामध्ये कपडे असतात. ती फुटते शेजारच्या काचेवर, नाहीतर दाढीच्या सामानाच्या डबीवर, नाहीतर बुटाच्या टाचेवर. गुवाहाटीचे माझे एक सहकारी कोल्हापूरहून परतताना काकवीच्या दोन बाटल्या एकाच टॉवेलात शेजारी शेजारी बांधून निघाले होते. दोघींनी वाटेत एकमेकींचा प्राण घेतला. सुटकेस उघडली तेव्हा त्यांचा दीक्षांत समारंभासाठी शिवलेला बंदगळ्याचा कोट, एका चौकशीचा अहवाल आणि सासूबाईंनी दिलेले पोहे यांचा एकजीव लाडू झालेला होता. अहवाल सादर करायला मुदतवाढ मागताना कारण काय लिहावे, याचा ते दोन दिवस विचार करीत होते. सामानावर 'नाजूक' अशी चिठ्ठी डकवलेली होती. ती चिठ्ठी तेवढी कोरडी निघाली.

हे सारे ज्ञान माझ्यापाशी होते. पण त्याची परीक्षा २०१५ साली झाली, आणि त्यासाठी मला माझ्या दादाविषयी थोडे सांगावे लागेल.

दादा माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. वाईच्या एका शाळेत त्याने हयातभर संस्कृत शिकवले. मी शिलाँग, कलकत्ता, पोर्ट ब्लेअर, दिल्ली असा फिरत राहिलो, आणि तो कृष्णेच्या घाटापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या घरात राहिला. वडिलांचे अर्धांगाचे सात वर्षांचे दुखणे त्याने आणि वहिनीने काढले. आई गेली तेव्हा मी पोर्ट ब्लेअरला होतो. तिसऱ्या दिवशी पोहोचलो. घर शाकारणे, विहिरीचा वाद, आत्याचे म्हातारपण, हे सर्व मला पत्रांतून कळत असे आणि कळेपर्यंत निस्तरलेले असे. मी मध आणला, गूळ आणला, शाली आणल्या. दादा प्रत्येक वस्तू हातात घेऊन, चांगली आहे म्हणून, वहिनीकडे देई. ३१ वर्षांत त्याने होऊन माझ्याकडे काही मागितले नव्हते.

निवृत्तीपूर्वीची शेवटची तीन वर्षे मी ब्रसेल्सला होतो. बेल्जमच्या दक्षिण टोकाला, फ्रान्सच्या सरहद्दीजवळच्या रानात, ऑर्व्हाल नावाचा एक ख्रिस्ती मठ आहे. २०१३ च्या उन्हाळ्यात मी तो पाहायला गेलो. ११३२ साली तिथे सिस्टर्शियन पंथाचे साधू आले. १७९३ साली फ्रेंच क्रांतीच्या फौजांनी मठ उद्ध्वस्त केला. १९२६ पासून तो पुन्हा उभारला गेला, आणि बांधकामाचा खर्च निघावा म्हणून १९३१ साली मठाच्या आवारात बिअरची भट्टी सुरू झाली. मठाने भट्टी चालवावी याचे आपल्याला नवल वाटते. त्या देशात ते फार जुने आहे, आणि २०१६ साली युनेस्कोने बेल्जमच्या बिअर-संस्कृतीला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. जुन्या मठाच्या पडक्या भिंतींमध्ये एक झरा अजून वाहतो. अकराव्या शतकातली तोस्कानाची सरदारीण मातिल्दा ही विधवा झाल्यानंतर या झऱ्याकाठी बसली असताना तिची लग्नातली अंगठी पाण्यात पडली. तिने प्रार्थना केली, तेव्हा एक ट्राउट मासा तोंडात अंगठी धरून वर आला. ही खरोखर सोन्याची दरी आहे, असे उद्गार तिने काढले, म्हणून त्या स्थळाला ऑर्व्हाल हे नाव पडले, अशी दंतकथा सांगतात. मठाच्या बिअरच्या बाटलीवर जी चौकट-आकाराची चिठ्ठी असते तिच्यावर हा मासा आहे आणि त्याच्या तोंडात अंगठी आहे.

मी हे दादाला पत्राने कळवले. त्याचे पोस्टकार्ड उलट टपाली आले. मजकूर नेहमीसारखा किरट्या अक्षरात, कडेपर्यंत भरलेला. "शाकुंतलाचा सहावा अंक काढून आरंभीचा प्रवेशक वाच," असे त्याने लिहिले होते. "तुझ्या त्या मातिल्देचा मासा अधिक कर्तव्यदक्ष दिसतो. आमच्या रोहित माशाने अंगठी पोटात ठेवली, धीवराने त्याला चिरले, शिपायांनी धीवराला धरले, आणि मग कुठे राजाला शकुंतला आठवली. पण एक गोष्ट लक्षात घे. धीवर सुटल्यावर निम्मे बक्षीस शिपायांना देतो आणि सगळे मिळून कुठे जातात? दारूच्या दुकानात. मासा, अंगठी आणि मद्य ही तिन्ही कालिदासाने एका प्रवेशकात आणली. शाळेत तो भाग मी चाळीस वर्षे गाळत आलो. आता निवृत्त आहे. तेव्हा येताना एक बाटली आण. रिकामी नको. रिकामी म्हणजे अंगठी नसलेला मासा."

दादाने आयुष्यात मद्याला हात लावलेला नव्हता. ते पोस्टकार्ड मी कचेरीच्या टेबलाच्या खणात ठेवले.

त्यानंतर वर्षभराने वहिनीचा फोन आला. दादाला काचबिंदू झाला होता आणि तो उशिरा लक्षात आला होता. मोतीबिंदू शस्त्रक्रियेने निघतो. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, उरलेली फक्त राखता येते. कडेचे दिसेनासे झाले होते. समोरचे, तेही चांगल्या उजेडात, अजून दिसत होते. पुतण्याने मोबाइलवर त्याला त्या चिठ्ठीचे चित्र मोठे करून दाखवले होते. "पडद्यावरचा मासा बोटाखाली येत नाही," एवढेच दादा म्हणाला, असे वहिनीने सांगितले.

मुदत संपून परत निघालो तेव्हा म्हणूनच मला बाटली न्यायची नव्हती. चिठ्ठीसकट बाटली न्यायची होती. हा फरक सामान बांधणाऱ्याच्या ध्यानात यावा. बाटली वाचवणे आणि तिच्यावरचा कागद वाचवणे ही दोन निराळी कामे आहेत. कागदाला ओल चालत नाही आणि घर्षणही चालत नाही.

प्रथम कायद्याचा हिशेब केला. सरकारी नोकराचा तो धर्मच आहे. विमान-वाहतुकीच्या नियमांत २४ टक्क्यांपर्यंत मद्यार्क असलेले पेय धोकादायक मालात मोडत नाही. २४ च्या वर ७० पर्यंत दरमाणशी ५ लिटरची मर्यादा आहे आणि तीही दुकानातल्या मूळ वेष्टनात. ७० च्या वर ते विमानात चढतच नाही. ऑर्व्हाल ६.२ टक्क्यांची, तेव्हा विमानाचा प्रश्न मिटला. भारताच्या सीमाशुल्क विभागाची सवलत दोन लिटरची. बाटली ३३ सेंटिलिटरची. सहा बाटल्यांचे १९८ सेंटिलिटर होतात. वीस मिलिलिटर शासनाला सोडून मी सहा बाटल्या घेतल्या. महाराष्ट्रात मद्य बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो. तोही रीतसर काढायचे ठरवले. आपल्यापैकी जे पाटण्याला किंवा गांधीनगरला आहेत त्यांनी मात्र माझे अनुकरण करू नये. बिहारमध्ये २०१६ पासून दारूबंदी आहे, गुजरातेत ती राज्याच्या जन्मापासून आहे, आणि बाटली कितीही सुंदर बांधलेली असली तरी ती बांधणी फिर्यादी पक्षाच्याच कामी येईल.

ब्रसेल्समधल्या दुकानदाराने प्रत्येक बाटलीमागे काही सेंट अनामत घेतली. बाटल्या परत आणल्या की पैसे मिळतील, असे तो सवयीने म्हणाला. मी मान हलवली.

ऑर्व्हालची बाटली खाली फुगीर आणि वर निमुळती, स्किटलच्या खेळातल्या खुंटीसारखी असते. तिचे पोट भक्कम असते, भीती मानेची. प्रत्येक बाटलीच्या चिठ्ठीवर मी आधी गुळगुळीत पातळ कागद गुंडाळला. त्याला चिकटपट्टी लावली ती कागदालाच, चिठ्ठीला नव्हे. मग प्रत्येक बाटली वेगळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, हवा काढून, तोंड घट्ट बांधले : जिचे तिच्यापुरते. त्यावर जाड लोकरी पायमोजे, एक तळाकडून आणि एक मानेकडून, म्हणजे मानेवर दुहेरी थर आला. बेल्जमच्या तीन हिवाळ्यांचे पायमोजे माझ्यापाशी होतेच; वाईला त्यांचा दुसरा काही उपयोग नव्हता.

सुटकेस कठीण कवचाची घेतली. तळाशी ओव्हरकोट चौघडी करून पसरला. कोणत्याही बाजूने कवच आणि बाटली यांमध्ये निदान चार बोटे लोकर असावी, हे माप ठेवले. बाटल्या आडव्या, एकीची मान दुसरीच्या तळाकडे, अशा उलटसुलट लावल्या आणि दोन दोन बाटल्यांच्या मधून एकेक धोतर नागमोडी नेले. मग पोकळ्या शोधल्या. माणसे वर कपड्यांचे डोंगर रचतात आणि कोपऱ्यात पोकळी ठेवतात. सुटकेस पडली की सारे त्या पोकळीकडे धावते. हातरुमाल, बनियन, कानटोपी, जे जे लहान होते ते त्या कोपऱ्यांत कोंबले. पुस्तके आणि बूट या सुटकेसमध्ये घेतलेच नाहीत. सहा बाटल्यांचे तीन-साडेतीन किलो धरून वजन २३ किलोंच्या आत बसले. डबे नेले असते तर वजन कमी भरले असते, पण डब्याची ॲल्युमिनियमची भिंत मिलिमीटरच्या एक दशांशाइतकी पातळ असते. ती फुटत नाही, भोसकली जाते.

सुटकेस बंद केली, उभी केली, दोन्ही हातांनी उचलून हलवली आणि कान लावला. शेजारच्या खोलीतून सौभाग्यवतींनी विचारले, "काय ऐकता आहात?" मी म्हणालो, "काही नाही." आणि तेच खरे होते.

मुंबईला पहाटे उतरलो. सरकत्या पट्ट्यापाशी उभा असलेला माणूस कितीही मोठ्या हुद्द्याचा असो, तिथे तो उमेदवारच असतो. एकेक सुटकेस रबरी झडपा बाजूला सारून येत होती. माझी आली ती कडेवर उभी, आणि तिच्या एका कोपऱ्याला आधी नसलेला पोचा आलेला होता. मी ती उचलली, हलवली. आवाज नव्हता. वास घेतला. वास फक्त लोकरीचा होता. शेजारचे गृहस्थ माझ्याकडे पाहून थोडे दूर सरकले.

वाईच्या घरात सहाही बाटल्या ओळीने टेबलावर उभ्या राहिल्या. दादाने हात पुढे केला तो अंदाजाने, किंचित बाजूला. मी बाटली त्याच्या हातात दिली. खिडकीपाशी जाऊन त्याने कागद सोडला, भिंग डोळ्याला लावले आणि चिठ्ठी अशी फिरवली, की मासा त्याच्या नजरेच्या उरलेल्या तुकड्यात यावा. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "अंगठीत खडा आहे रे. आपल्या अंगठीवर नाव होते."

त्याच दिवशी बाटली उघडणे योग्य नव्हते. या बिअरमध्ये बाटलीत भरल्यावरही यीस्ट जिवंत असते आणि तळाशी साका धरते. प्रवासात तो ढवळून निघतो, आणि हेलकावे खाल्लेली बाटली लगेच उघडली तर अर्धी जमिनीवर जाते. दोन दिवस ती थंड कोनाड्यात उभी ठेवावी लागते. ते दोन दिवस दादा सकाळच्या उन्हात भिंग घेऊन बसे. तिसऱ्या दिवशी रात्री जेवणाआधी एक बाटली उघडली. मी पेला भरला, वहिनीने नाकाला पदर लावून पाहिले, दादाने चमचाभर घेतली, जिभेवर फिरवली आणि निकाल दिला, "काडेचिराइताचा काढा. वर संत्र्याची साल."

"एवढ्यासाठी एवढी बांधाबांध?" वहिनी म्हणाली.

दादा हसला. चमचा ताटलीत ठेवीत म्हणाला, "प्रवेशक संपला. आता राजाला आत येऊ दे."

प्रवेशक संपल्यावर रंगमंचावर कोणता राजा येतो, हे मला ठाऊक होते. ज्याला अंगठी पाहून विसरलेले सारे आठवले आहे असा. दादाने ते मनात धरून म्हटले, की सवयीने, हे मी विचारले नाही. त्याने पाट सरकवला आणि आम्ही जेवायला बसलो.

त्या सहांपैकी चार बाटल्या पुढच्या दोन वर्षांत पुतण्याच्या मित्रांनी संपवल्या. दोन दादाच्या पुस्तकांच्या फळीवर, शाकुंतल आणि अमरकोशाच्या शेजारी उभ्या आहेत. या मठाची बिअर भरल्यापासून पाच वर्षे चांगली राहते असे चिठ्ठीवर मानतात. ती मुदत केव्हाच उलटली. दादाला आता मासा दिसत नाही, अंधार आणि उजेड एवढेच कळते. मागच्या दिवाळीला मी गेलो होतो तेव्हा त्याने एक बाटली हातात घेऊन विचारले, "आत काय चालले असेल?" मी सांगितले, की हिच्यात भरण्यापूर्वी एक रानटी जातीचे यीस्ट घालतात, ते फार सावकाश, वर्षानुवर्षे काम करीत राहते. कडवटपणा उतरतो आणि चव पालटत जाते.

"सुधारते की नुसती बदलते?"

"जाणकारांत एकमत नाही," मी म्हणालो.

त्याने मान डोलावली आणि बाटली परत ठेवायला वळला. ठेवण्यापूर्वी त्याने डावा हात फळीवर फिरवला, दुसरी बाटली कुठे आहे ते चाचपले, आणि दोघींच्या मध्ये चार बोटे जागा सोडून ती अलगद उभी केली.